पाहुण्यांची ऑटोमॅटिक

“चावी माझ्याकडं द्या,” मी म्हणाले.

माणिकराव फाळक्यांनी ती दादाच्या हातात ठेवली होती. गाडी घेणार मी, चालवणार मी, चेक माझ्या पर्समध्ये, आणि चावी दादाच्या मुठीत. दादा हसला. पाहुण्यांसमोर तो हल्ली सारखा हसायचा, आणि तसा हसला की मला तो ओळखू यायचा नाही.

“देतो की, पमा. आधी बस तर खरी. चहा यायचाय.”

“चहा नको. गाडी बघायचीय.”

“बघायचं काय त्यात?” फाळके म्हणाले. “घरातली गाडी आहे, ताई. बाजारातली असती तर बघणं ठीक.”

ते स्वतःच जोरात हसले, मग दादाही हसला. मी पुढे केलेला हात तसाच ठेवला. शेवटी दादाने चावी दिली, पण लहान मुलाला कात्री द्यावी तशी जपून दिली.

मे महिन्यातली सकाळ होती. साताऱ्यात समर्थ मंदिराच्या पुढे, यवतेश्वरचा घाट सुरू होतो त्याच्या अलीकडे फाळक्यांचा बंगला. दादाच्या मुलीचं, धनश्रीचं, लग्न त्यांच्या अभिजितशी ठरलं होतं आणि नुकताच साखरपुडा झाला होता. आमच्याकडे सोयऱ्यांना पाहुणे म्हणतात, आणि पाहुण्यांना नाही म्हणायची पद्धत नाही. त्यातून हे पाहुणे फारच मोठ्या मनाचे निघाले होते. बैठकीत फाळक्यांनी हात जोडून सांगितलं होतं, “आम्हाला काही नको. मुलगी आणि नारळ द्या.” त्या दिवसापासून दादा हे वाक्य भेटेल त्याला ऐकवत होता. भाजीवालीलासुद्धा सांगून झालं होतं.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. गुडघ्याखाली पट्ट्यांचा बूट घालते. शाळेत शिकवायला लागल्यापासून मी मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर फिरले. धनश्री पहिलीपासून दहावीपर्यंत त्याच स्कूटरवर माझ्यामागे बसून शाळेत आली. त्या वर्षी मला आमच्या संस्थेच्या घाटावरच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून नेमायचं ठरलं होतं. स्कूटरवर एखाद्या दिवशी घाट चढता येतो. पावसाळ्यात, धुक्यात, रोज, ते शक्य नव्हतं. संस्थेचे सचिव म्हणाले होते, “बर्गेबाई, जाण्यायेण्याचं काय करताय ते मेअखेर सांगा. नाहीतर मला दुसरं नाव घ्यावं लागेल.” दुसरं नाव कोणाचं होतं तेही मला माहीत होतं. मुलांना वर्गात झोपू देणारा माणूस होता तो.

क्लच दाबायला डावा पाय लागतो. म्हणजे मला ऑटोमॅटिकच हवी होती, आणि नवीन घ्यायची ऐपत नव्हती. साताऱ्यात तेव्हा जुनी ऑटोमॅटिक मिळणं मुश्कील होतं. शिकवायलासुद्धा कोणाकडे नव्हती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला मैत्रिणीकडे राहून शिकले आणि लायसन काढलं. जुनी ऑटोमॅटिक घेताना काय काय बघायचं हेही तिथेच शिकून घेतलं, विचारून विचारून माणसांना पिडलं. तर एक दिवस दादा येऊन म्हणाला, “पाहुण्यांची ऑटोमॅटिक नुसती पडून आहे. डिकीवाली, मोठी. आणि त्यांनी आपणहून विषय काढला, बघ. नशीब लागतं.”

मी त्याला विचारलं होतं, “घाट चढते ना?”

“गाडी आहे ती, पमा. न चढायला काय झालं?”

गाडी पोर्चमध्ये उभी होती. राखाडी रंगाची, पुसून लख्ख केलेली, इंजिनावरच्या टोपणावर झेंडूचा हार. पुढच्या चाकांसमोर एकेक लिंबू आधीच ठेवलेलं. पोर्चची फरशी धुऊन गाडीपुढे भलीमोठी रांगोळी काढली होती. वहिनी, म्हणजे धनश्रीची आई, आणि फाळक्यांच्या मिसेस दोघी आरतीचं ताट घेऊन पायरीवर उभ्या होत्या. पेढ्यांचा पुडासुद्धा आणून ठेवला होता. मला हे विचित्र वाटलं. पूजा गाडी घेणाऱ्याच्या दारात होते. विकणाऱ्याला आपल्या दारातून गाडी जाताना एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

“मुहूर्त जवळ आलाय हां,” फाळके घड्याळ बघत म्हणाले. “भटजींना विचारून घेतलाय. एक छोटी चक्कर मारू, चौकापर्यंत, की लगेच पूजा. मग राहुकाळ लागतो.”

“चक्कर नंतर. आधी टोपण उघडते.”

“पमाताई,” वहिनी हळूच म्हणाली, “असू दे ना. बरं दिसत नाही.”

बरं दिसत नाही. हे वाक्य आमच्या घरात माझ्यासाठीच राखून ठेवलेलं होतं. मी जिना चढले तर बरं दिसत नाही, लग्नाच्या पंगतीत वाढायला उठले तर बरं दिसत नाही. मी हार काढून अभिजितच्या हातात दिला. तो पुण्याहून मुद्दाम आला होता, मोबाइलवर शूटिंग करत उभा होता. एका हातात मोबाइल आणि एका हातात हार घेऊन तो तसाच राहिला. धनश्रीला हसू आलं.

टोपणावर हात ठेवून पाहिला. गार होतं. आधीपासून इंजिन चालू करून तापवून ठेवलं असेल तर काहीतरी लपवायचं आहे असं समजायचं, हे मला शिकवलेलं होतं. गार आहे म्हणजे माणसं सरळ आहेत, असं मी समजले. चुकले ते तिथे. ही गाडी गार होती तोवरच शहाणी होती, आणि तापली की तिचं पितळ उघडं पडत होतं. हे मला पुढच्या अर्ध्या तासात कळायचं होतं.

टोपण उघडून गियरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली आणि पांढऱ्या रुमालाला पुसली. तेल लालभडक निघालं. या तेलाचा रंग लालच असतो, पण एवढ्या जुन्या गाडीत ते तपकिरी व्हायला हवं.

“हे नवीन घातलंय?”

“परवाच,” फाळके म्हणाले. “तुम्हाला द्यायची म्हणून मुद्दाम.”

“इतकी वर्षं बदललं होतं का कधी?”

“आता ते काय लक्षात राहतं, ताई?”

दादा खाकरला. मी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. विकायच्या आदल्या आठवड्यात कोणी गियरबॉक्सचं तेल का बदलेल, याचा विचार करत मी दार उघडून बसले. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं आणि मीटर मात्र फार थोडं चाललेलं दाखवत होतं. पायऱ्यांवर कोणीतरी पुटपुटलं, “डॉक्टर तपासतायत जणू.” आवाज फाळक्यांच्या मिसेसचा होता.

“डॉक्टरच्या आधी रांगोळी बघा,” मी बसल्या जागेवरून म्हणाले.

रांगोळीच्या कडेला, बंपरच्या बरोबर खाली, एक लाल थेंब पडला होता. टोपण उघडतानाच मी तो पाहिला होता.

“कुंकू सांडलंय,” त्या म्हणाल्या, आणि बोटाने टिपायला वाकल्या. बोट नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं आणि पदराला पुसलं.

मी गाडी चालू केली. इंजिनाचा आवाज चांगला होता, ते मी नाकारत नाही. ब्रेक दाबून ठेवला आणि गियरचा दांडा रिव्हर्समध्ये टाकला. गाडीने लगेच अंग चोरलं, म्हणजे गियर पकडला. मग पुढच्या गियरमध्ये टाकला. काही झालं नाही. थोड्या वेळाने हलकासा धक्का बसला. पुन्हा केलं. पुन्हा तसंच, मागे लगेच आणि पुढे उशीर.

“धनू, बस मागं. दादा, तूही बस. साहेब, तुम्ही माझ्याशेजारी या.”

“मला कशाला?” फाळके म्हणाले. “चौकापर्यंत तर जायचंय.”

“चौकापर्यंत नाही. घाटात.”

फाळके थांबले. “ताई, मुहूर्त टळेल.”

“टळू दे.”

“पमा!” दादा खेकसला. हसू गेलं होतं. “एवढी माणसं उभी आहेत सकाळपासून. त्यांनी मुहूर्त काढलाय, त्यांनी पेढे आणलेत, आणि तू परीक्षा कसली घेतेस पाहुण्यांची?”

“गाडीची घेतीय. पाहुण्यांची कशाला घेऊ? त्यांनी काय केलंय?”

फाळक्यांनी दादाकडे पाहिलं, दादाने जमिनीकडे. मग फाळके शेजारी येऊन बसले. दादा आणि धनश्री मागे. लिंबं चाकाखाली येऊ नयेत म्हणून मी मागे घेत घेतच गाडी फाटकाबाहेर काढली. फाळक्यांच्या मिसेस म्हणाल्या, “अगं बाई, उलटीच निघाली.”

सपाटीला गाडी चांगली चालली. सुरुवातीला जरा ओढ कमी वाटली, पण मऊ चालत होती. गाडी पुरती तापल्यावर बघावी म्हणून मी मुद्दाम सरळ घाटाकडे न जाता आधी गावाच्या बाजूला एक मोठा वळसा घेतला. फाळके सारखे सांगत होते, “बघा, कसली पळतीय. आमच्या साडूंनी मागितली होती, मी दिली नाही. आपल्या माणसाला जावी.” दादा मागून हो हो करत होता. आणि मला, खरं सांगते, ती आवडायला लागली होती. मोठी काच, मऊ सीट, डावा पाय नुसता निवांत पसरलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्या पायाची कोणाला अडचण नव्हती. शाळेच्या फाटकातून मी ही गाडी आत घेते आहे असं चित्र मनात आलं. पोरं बाजूला सरकतायत, शिपाई सलाम करतोय. मी मनातल्या मनात म्हणाले, देवा, हिला चढू दे.

मग घाटाकडे वळले.

पहिला चढ सुरू झाला आणि पायाखालचं पेडल सैल झाल्यासारखं वाटलं. मी जास्त दाबलं. इंजिन ओरडलं, गाडीचा वेग मात्र कमी झाला. आणखी दाबलं, आणखी ओरडलं. पहिल्या वळणाच्या अलीकडे गाडी जागच्या जागी थांबली, आणि मग मागे सरकायला लागली. मी ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला. करपल्याचा वास आला.

“दमलीय जरा,” फाळके म्हणाले. “बरेच दिवस उभी होती ना.”

“माणूस दमतो, साहेब. गियरबॉक्स जातो.”

“असं कसं बोलता? परवाच तेल बदललंय.”

“म्हणूनच. झिजलेल्या गियरबॉक्सला नवं तेल घातलं तर असलेली पकडसुद्धा कधी कधी सुटते. तेल कुणी बदलायला सांगितलं? गॅरेजवाल्यानं दुसरं काही सांगितलं नाही?”

मागून एक जीप आली आणि हॉर्न वाजवायला लागली. फाळके दार उघडून बाहेर पडले. “मी माणूस बोलावतो,” असं म्हणत पायीच खाली निघाले. वळून पाहिलं नाही. जीपवाला शिव्या देत बाजूने निघून गेला.

मी आरशात पाहिलं. धनश्रीचं तोंड उघडं राहिलं होतं. ती घाबरली होती, गाडी मागे सरकली तेव्हा तिने माझी सीट धरली होती. दादा मात्र शांत बसला होता. खिडकीतून बाहेर बघत होता, एसटी सुटायची वाट बघणारा माणूस बसतो तसा. घाबरला नव्हता. चकितही झाला नव्हता.

“दादा,” मी म्हणाले. “तुला माहीत होतं.”

“काय?”

“माझ्याकडं बघून सांग.”

तो बघायला तयार नव्हता. “तापली की जरा करते म्हणे असं. फक्त चढाला. सपाटीला काही त्रास नाही, तूच बघितलंस आत्ता.”

“कधीपासून माहीत आहे?”

“ते सोड आता.”

“कधीपासून?”

“साखरपुड्याच्या आधीपासून.” त्याने मान खाली घातली. “बैठक उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आम्हाला देणंघेणं काही नको. फक्त गाडी तेवढी घेऊन टाका, तुमच्यात कुणाला तरी लागेलच. म्हणजे मागितलं असंही नाही आणि... मी काय म्हणणार होतो, पमा? एवढं चांगलं स्थळ. सोनं नको म्हणाले, कार्यालयाचा खर्च निम्मा आम्ही करू म्हणाले. असे पाहुणे कुठं मिळतात?”

“आणि ते जो भाव सांगतील तो मी द्यायचा.”

“तुला नाहीतरी घ्यायचीच होती ना!”

“म्हणजे मुलगी, नारळ आणि पमा.”

“वाकड्यात शिरू नकोस.”

“मला घाट चढणारी गाडी पाहिजे होती, दादा. मी तुला विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं.”

त्यावर त्याने शेवटी माझ्याकडे पाहिलं. आणि तो जे बोलला ते अजिबात रागाने बोलला नाही. समजूत घालावी तसं बोलला. तेच मला सहन झालं नाही.

“पमा, खरं सांग बरं. तू काय रोज घाट चढून जाणार आहेस या पायानं? चार दिवस जाशील, मग आपलंच घर आणि आपलीच शाळा. त्याला ही गाडी चालते. तुला कुठं लांब जायचंय?”

मला राग पुष्कळदा येतो. माझा राग शाळेत प्रसिद्ध आहे. पण त्या दिवशी आला तसा कधी आला नव्हता. बसमध्ये मला उचलून चढवणाऱ्या कंडक्टरचा एवढा राग कधी आला नव्हता, ‘बाई, तुम्ही बसूनच राहा’ म्हणणाऱ्या संस्थेच्या लोकांचा आला नव्हता. ते परके होते. हा माझा भाऊ. मी बी.एड.ला होते तेव्हा मला सायकलवर पुढे बसवून कॉलेजला सोडणारा. त्या सायकलवर बसून मी कुठे जायला निघाले होते असं याला वाटत होतं इतकी वर्षं?

“उतर,” मी म्हणाले.

“अगं, ऐक...”

“उतर गाडीतून. नाहीतर मी हँडब्रेक सोडते.”

दादा उतरला. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि धनश्रीही उतरली. मला वाटलं, गेली बापामागे. तिचंही बरोबर होतं, लग्न तिचं होतं. पण ती गाडीच्या मागे जाऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, ओढणी कमरेला बांधली आणि खालून येणाऱ्या मोटरसायकलला हात करून थांबवलं.

“आत्या, येऊ दे मागं,” ती ओरडली. “येऊ दे, येऊ दे. थोडं उजवीकडं.”

स्कूटरला रिव्हर्स नसतो. जादा चाकांच्या स्कूटरला तर मागे ढकलायलाही दुसरा माणूस लागतो. आयुष्यभर कुठेही गाडी लावली की निघताना मी कोणालातरी हाक मारली आहे, अहो जरा मागे ओढता का. म्हणून पुण्याला शिकताना सगळ्यात जास्त मी रिव्हर्स शिकले. शिकवणारा कंटाळायचा, मी नाही. तर त्या चढावरून मी मागे मान वळवून, धनश्रीच्या हाताकडे बघत, गाडी खाली आणली. उतार संपल्यावर एकदा दांडा पुढच्या गियरमध्ये टाकून पाहिला. सपाटीलासुद्धा काही पकडलं नाही. गाडी आता पुढे जाणारच नव्हती. रिव्हर्स मात्र टाकला की लगेच पकडायचा.

मग तसंच जायचं ठरवलं. फाळक्यांचं घर काही फार लांब नव्हतं.

रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. रिक्षावाल्यांनी वाट दिली. एक म्हातारा काठी टेकून म्हणाला, “पोरी, तोंड तिकडं आहे गाडीचं.” धनश्री मागे मागे पळत होती, घामाघूम, केस सुटलेले, हाताने दाखवत. “सरळ. सरळ. खड्डा आहे, डावीकडं घे.” आणि गाडीच्या पुढून, टोपणासमोर दहा-बारा पावलांवर, दादा चालत येत होता. मी मागे जात होते आणि तो माझ्याकडे तोंड करून येत होता. दोघांच्या मध्ये काच होती. तो काहीतरी बोलत होता, हात जोडत होता. मला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचं नव्हतं.

फाळके आमच्या आधी पोचले होते. फाटकात सगळे उभे होते, शेजारचेही जमले होते. पायरीवर आरतीचं ताट तसंच होतं. मी वळण घेतलं आणि गाडी मागच्या बाजूने फाटकातून आत घातली. रांगोळीवरून गेले. आधी एक लिंबू फुटलं, मग दुसरं. गाडी जिथून काढली होती तिथेच, हातभर आत, उभी केली, फक्त तोंड रस्त्याकडे करून.

उतरले. चावी दादाला दिली नाही. फाळक्यांसमोर धरली.

“घ्या. मागं छान जाते.”

“ताई, गैरसमज होतोय,” फाळके हळू आवाजात म्हणाले. लोक बघत होते म्हणून हळू. “जुन्या गाडीला असं व्हायचंच. आपण करून देऊ दुरुस्त. एवढ्यासाठी संबंध बिघडवायचे का? आम्ही तुमच्याकडून काही मागितलं तरी का?”

“मागितलं असतं तर बरं झालं असतं,” मी म्हणाले. “मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. तुम्ही माझ्या भावालाच पुढं केलंत.”

“आवाज खाली, पमाताई,” वहिनी रडवेली झाली. “धनूच्या लग्नाचं बघ. तिच्याकडं बघ तरी.”

मी पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. धनश्री फाटकात उभी होती, धापा टाकत. ती आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हती. ती अभिजितकडे बघत होती. त्याच्या हातात हार अजून तसाच होता.

“अभिजित,” ती म्हणाली, “तुला माहीत होतं?”

तो वडिलांकडे बघायला लागला.

“तिकडं नको. मला सांग.”

“अगं, एवढं काय त्यात?” तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. मुलगा वाईट नव्हता, आजही म्हणेन. घरात ऐकलेलं बोलला फक्त. “गाडी सपाटीला चांगली आहे. आणि आत्यांना कुठं लांब जायचंय?”

दादा माझ्या शेजारीच उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. तेच वाक्य होतं, शब्दसुद्धा तेच. म्हणजे ते दादाचं नव्हतंच. कोणी कोणाला दिलं होतं कोण जाणे, पण दोन्ही घरांत बसून, चहा पीत, मला न विचारता माझं जाणंयेणं ठरवून झालं होतं. सोनं ठरतं, कार्यालय ठरतं, तसं तेही ठरलं होतं.

धनश्रीने कमरेची ओढणी सोडली. नीट खांद्यावर घेतली. बोटातली साखरपुड्याची अंगठी काढताना जरा अडकली, उन्हाने बोट सुजलं असावं. ती तिने आरतीच्या ताटात, नारळाशेजारी ठेवली.

“पुढं मला कुठं जायचं असेल,” ती म्हणाली, “ते पण तुम्ही असंच ठरवाल.”

“धनू!” वहिनी किंचाळली. दादा तिच्याकडे दोन पावलं गेला आणि थांबला.

लोक म्हणतात, आत्याने गाडीवरून भाचीचं लग्न मोडलं. म्हणू देत. दादा त्यानंतर कित्येक वर्षं माझ्याशी बोलला नाही, आता बोलतो, पण हवापाण्याचं. गाडी मला शेवटी पुण्यात मिळाली, एका अनोळखी माणसाकडून. तापवून, घाट चढवून, सगळं बघून घेतली, त्याच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. घाटावरच्या शाळेतून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले.

पण त्या सकाळी माझ्याकडे माझी स्कूटरच होती. फाटकाबाहेर भिंतीला लावलेली, पुढचं चाक भिंतीला टेकलेलं. मी बसले आणि सवयीने कोणालातरी हाक मारायला मान वळवली. धनश्रीने आधीच मागचा दांडा धरला होता. तिने स्कूटर ओढून रस्त्यावर घेतली आणि शाळेत असताना बसायची तशी, एका बाजूला पाय सोडून, मागे बसली. रडत होती. माझ्या पाठीला ते कळत होतं.

“घरी सोडू?” मी विचारलं.

आमचं घर डावीकडे होतं, गावात. घाट उजवीकडे.

मी उजवीकडे वळले.